अचळपूरचा हौज कटोरा : इमादशाहींतील एका विश्रामस्थानाचा विचार

१. प्रश्नाचें स्वरूप

बहामनी राज्याचीं शकलें होऊन ज्या पांच शाह्या उदयास आल्या, त्यांत वऱ्हाडची इमादशाही सर्वांत अल्पायुषी. इ. स. १४९० च्या सुमारास ती स्वतंत्र झाली आणि १५७४ त अहमदनगरकरांनीं ती गिळून टाकली. अहमदनगरच्या दरबारास सय्यद अली तबातबा मिळाला, विजापुरास फेरिस्ता मिळाला. इमादशाहीस मात्र स्वतःचा असा बखरकार लाभला नाहीं. परिणाम असा झाला कीं, या घराण्याची जी हकीकत आज वाचावयास मिळते ती शेजाऱ्यांच्या, आणि पुष्कळदां शत्रूंच्या, लेखणींतून उतरलेली आहे. शेजाऱ्यास शेजारी दिसतो तो लढाईंत, तहांत किंवा सोयरिकींत. घरांत तो कसा राहत होता, उन्हाळ्याचे दिवस कोठें काढीत होता, पाहुण्यास कोठें बसवीत होता, हें शेजारी लिहून ठेवीत नाहीं. यामुळें या चार पिढ्यांच्या राजवटीचा शांततेचा भाग कागदांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे, आणि तो शोधावयाचा तर दगडांकडेच वळावें लागतें.

असा एक दगडी कागद अचळपुराच्या पश्चिमेस उभा आहे. लोक त्यास हौज कटोरा म्हणतात. वऱ्हाडांत इमादशाहीच्या म्हणून ज्या इमारती दाखवितां येतात त्या बहुतेक सर्व तट, दरवाजे, बुरूज किंवा मशिदी आहेत. राजाच्या विश्रांतीची म्हणून दाखवितां येईल अशी ठळक इमारत ही एकच. असें असूनहि प्रवासी येतो, 'कोणा एका बादशहाचा जलमहाल' एवढेंच मनांत घेतो व परत जातो. कै. यादव माधव काळे यांनीं 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ त प्रसिद्ध केला, त्यास शंभर वर्षें होऊन गेलीं. राजकीय घडामोडींची चौकट तेव्हांच पुष्कळशी उभी राहिली. तिच्या आंतील घर अद्याप रिकामें आहे. प्रस्तुत लेखांत तीन गोष्टींचा विचार कर्तव्य आहे : ही इमारत कोणत्या काळाची मानावी, ती कशासाठीं बांधली असावी, आणि तिच्याभोंवतीं बाग होती असें म्हणण्यास आधार कोणता.

२. नगर व स्थळ

नगराचें मूळ नांव अचलपुर. बाराव्या शतकांतील हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत या नांवांतील च व ल या वर्णांची अदलाबदल होऊन 'अलचपुर' असें रूप होतें, असा स्वतंत्र नियमच दिला आहे. एका गांवाच्या नांवासाठीं वैयाकरणास सूत्र करावें लागलें, यावरून तें गांव त्या काळीं किती प्रसिद्ध होतें हें समजून येतें. पुढील एलिचपूर हें रूप या 'अलचपुरा'पासूनच निघालें असावें. ईल नांवाच्या राजावरून तें पडलें ही दंतकथा नांवावरून मागाहून रचलेली दिसते. म्हणजे इमादशाहीनें राजधानी म्हणून निवडलें तें ओसाड माळ नव्हे, तर निदान चार शतकें नांवाजलेलें नगर होय.

नगराची जागाहि विचार करण्याजोगी आहे. उत्तरेस सातपुड्याची भिंत, त्या भिंतीवर गाविलगड, पायथ्याकडून येणाऱ्या सापन व बिच्छन या नद्या, आणि दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन. डोंगराच्या सावलींत पाणी आहे व सपाटीवर पीक आहे, अशा सीमेवर हें नगर वसलें आहे. शहरांतील दुल्हा रहमानशहा यांचा दर्गा, जुम्मा मशीद आणि पनी नबाबांच्या काळचे वाडे व वेशी पाहून झाल्यावर पश्चिमेकडे सुमारें ३ किलोमीटर गेलें म्हणजे हौज कटोरा लागतो.

एक मोठा वाटोळा हौज. त्याचा व्यास सुमारें १०० मीटर. त्याच्या बरोबर मध्यभागीं अठपैलू मनोरा. आज त्याचे तीन मजले उभे आहेत. वरचे मजले पूर्वीं उतरविले गेले अशी परंपरा सांगतात. पैलूपैलूंस टोंकदार कमानी असल्यामुळें इमारत भिंतींची नसून पोकळीचीच बनविली आहे असें दुरून वाटतें. 'कटोरा' हें नांव मनोऱ्यास नव्हे, हौजास शोभतें : वाटोळा, कांठ असलेला, मधोमध कांहीं ठेवलेला वाडगा. लोकांनीं नांव देतांना इमारतीपेक्षां पाण्यास अधिक महत्त्व दिलें आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे; कारण बांधणाऱ्याचा हेतूहि तोच होता.

येथें बांधकामाच्या दृष्टीनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. वऱ्हाडची काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. अशा प्रांतांत, तेंहि पाण्याच्या मधोमध, अनेक मजल्यांची इमारत शतकानुशतकें उभी राहावी यासाठीं पाया खोल व पक्का घ्यावा लागतो, हौजाचा तळ व कांठ चुन्यानें बांधावा लागतो, आणि पाणी सोडण्यापूर्वीं सर्व काम कोरडें करून घ्यावें लागतें. हें काम एका हंगामाचें नव्हे. मजूर, दगड, चुना व पैसा हीं सर्व साधनें सलग कांहीं वर्षें ज्याच्या हातीं निर्वेधपणें होतीं, अशाच सत्ताधीशानें हें करविलें असलें पाहिजे. पुढील कालनिर्णयास या साध्या गोष्टीचा उपयोग होईल.

३. कालनिर्णय

हौज कटोरा इमादशाहीचा मानला जातो तो परंपरेवरून व बांधणीच्या घाटावरून. ही समजूत कितपत टिकते, हें पाहण्यास प्रांतांतील ज्या इमारतींचीं सालें लेखांनीं निश्चित झालीं आहेत त्यांच्यापासून आरंभ करावा.

फेरिस्ता सांगतो कीं, अहमदशहा वली बहामनी याचा मुक्काम एलिचपुरास सुमारें एक वर्ष होता व त्या अवधींत त्यानें गाविलगड बांधविला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली. हा काळ इ. स. १४२५ च्या सुमाराचा. यानंतर साठ वर्षांनीं फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क याचीं कामें दिसूं लागतात. नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यावरील लेख हिजरी ८९२ चा, म्हणजे इ. स. १४८७ चा आहे. गाविलगडच्या दिल्ली दरवाज्याचें काम त्यानंतर एका वर्षानें, हिजरी ८९३ त झालें. महाकाली दरवाज्यावरील लेखांत बहामनी सुलतान महमूदशहा याचें नांव आदरानें घातलेलें आहे. सेवकानें धन्याचें नांव दगडांत कोरावें आणि त्याच दगडाच्या आड स्वतःचें राज्य उभें करावें, असा हा प्रकार आहे. तीनच वर्षांनीं फत्तेउल्ला स्वतंत्र झाला.

या फत्तेउल्लाची पूर्वकथाहि लक्षांत घ्यावी. तो मूळचा विजयनगरकडील हिंदु. लहानपणीं युद्धांत हातीं लागला व बहामनी चाकरींत वाढला. महमूद गावानानें जेव्हां चार मोठ्या प्रांतांचे आठ केले, तेव्हां वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन भाग झाले. त्यांतील गाविल फत्तेउल्लाकडे राहिला आणि माहूर खुदावंदखान हबशाकडे गेला. गाविलगडच्या दरवाज्यावर दोन मुखांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. दक्षिणेकडील राजचिन्हांत गाजलेला हा पक्षी सातपुड्याच्या माथ्यावर पाहिला म्हणजे बांधणाऱ्याच्या जन्मभूमीची आठवण होते.

आतां हौज कटोऱ्याकडे वळूं. अहमदशहा वलीचा मुक्काम एका वर्षाचा व हेतु सरहद्दीच्या बंदोबस्ताचा. दोन डोंगरी किल्ल्यांच्या कामाबरोबर शहराबाहेर असा हौज त्यानें बांधविला असेल हें संभवत नाहीं. १४८७–८८ त फत्तेउल्लाचें सर्व लक्ष दरवाजे व तट यांवर होतें. १५०४ त तो वारला व अल्लाउद्दीन गादीवर आला. १५१८ त अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानें पाथरी घेतली. पाथरी हें निजामशाही घराण्याचें मूळ ठिकाण असल्यानें तो वाद महसुलाचा नव्हता, अभिमानाचा होता, आणि म्हणूनच तो मिटला नाहीं. तेव्हांपासून १५३० पर्यंतचा काळ अल्लाउद्दीनानें बहुतेक लढाईंत, किल्ल्यांच्या आश्रयास किंवा गुजरातच्या बहादुरशहाची मनधरणी करण्यांत घालविला. उलट त्याचा पुत्र दर्याशहा याची कारकीर्द (१५३०–६२) दीर्घ, आणि तुलनेनें स्वस्थ होती. लढाया झाल्या त्याहि बहुधा दुसऱ्याचा साहाय्यक म्हणून व वऱ्हाडच्या हद्दीबाहेर. १५५८ त त्यानें आपली कन्या दौलतशहा बेगम हुसेन निजामशहास दिली. गोदावरीच्या बाजूस सोनपेठ येथें तें लग्न लागलें व गांवास इशरताबाद, म्हणजे आनंदनगर, असें नांव मिळालें. १५६२ नंतर गादीवर अल्पवयी बुऱ्हाण व कारभारांत तुफालखान, अशी स्थिति होऊन पुढें १५७४ त राज्यच बुडालें. त्यानंतर वऱ्हाड हा दूरच्या राजधानीचा एक प्रांत झाला, आणि प्रांताच्या सुभेदारास असलें खर्चाचें विश्रामस्थान बांधण्याचें प्रयोजन राहिलें नाहीं. मोंगलांचा शहाजादा मुराद १५९६ नंतर येथें आला तेव्हां त्यानेंहि एलिचपूर सोडून बाळापुराजवळ शहापूर वसविलें.

येणेंप्रमाणें दोनच अवधी शिल्लक राहतात : १४९० ते १५१८ व १५३० ते १५६२. यांतील दुसरा अधिक संभवनीय, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. त्याचें एक कारण वर दिलेली स्वस्थता. दुसरें कारण पुढील कलमांत येतें.

४. शेजारचीं उदाहरणें

पाण्यांत किंवा पाण्याच्या कांठीं महाल बांधण्याची चाल वऱ्हाडाच्या दोन्ही अंगांस होती. उत्तरेस सातपुडा व नर्मदा ओलांडली कीं माळवा. तेथें मांडवगडावर कपूर तलाव व मुंज तलाव यांच्या मधोमध जहाज महाल उभा आहे. तो ग्यासुद्दीन खिलजीचा (१४६९–१५००) मानतात. फत्तेउल्ला गाविलचा सुभेदार असतां मांडवगडास ग्यासुद्दीनाची राजवट चालू होती. पश्चिमेस अहमदनगर. तेथील हश्त बिहिश्त बागेचें काम १५०६ त अहमद निजामशहासाठीं सलाबतखान नांवाच्या सरदारानें केलें. अठपैलू तलाव व त्याच्या मध्यें अठपैलू महाल अशी तिची योजना आहे. 'हश्त बिहिश्त' म्हणजे आठ स्वर्ग. आठ हा आंकडा केवळ भूमितीचा नाहीं, त्याच्यामागें ही कल्पना आहे.

मांडवगडचा महाल लांबट व पसरट. तो पाण्याच्या कांठीं आहे, पाण्यांत नाहीं. हौज कटोऱ्याचें साम्य अहमदनगरशीं जुळतें : मध्यभागीं इमारत, भोंवतीं सर्व बाजूंनीं पाणी, आणि आठ पैलू. फरक असा कीं, अहमदनगरास तलावहि अठपैलू आहे, तर येथें तो वाटोळा आहे. आणि येथें इमारत रुंदीपेक्षां उंचीकडे झुकली आहे. कल्पना घेतली, परंतु तिची नक्कल केली नाहीं. अशी कल्पना एका दरबारांतून दुसऱ्या दरबारांत जाते ती गवंड्यांबरोबर, वकिलांबरोबर आणि लग्नांबरोबर. १५०६ नंतर व सोयरिकीचे संबंध चालू असतां हौज कटोरा झाला असें धरल्यास साम्य आणि फरक या दोहोंचा उलगडा होतो. दर्याशहाच्या कारकीर्दीकडे आमचा कल आहे तो यामुळें.

कोणी म्हणेल, पाण्यांतील प्रत्येक इमारत विलासासाठींच कशावरून? आक्षेप रास्त आहे. सासाराम येथें शेरशहाची अठपैलू कबर (१५४५) तलावाच्या मधोमध आहे, व ती विलासस्थान नव्हे. परंतु कबरीस एक घुमटाखालचें दालन पुरतें व तेंच मुख्य असतें. मजल्यावर मजले चढवून सर्व बाजूंनीं कमानी मोकळ्या सोडण्याचें तेथें कारण नसतें. हौज कटोऱ्यांत बसण्याची, पाहण्याची व वारा घेण्याची सोय हीच मुख्य गोष्ट आहे. तो टेहळणीचा बुरूजहि नव्हे. टेहळणीस सातपुड्याचा कडा जवळ असतां कोणी हौजांत बुरूज बांधीत नाहीं.

सोय कशी साधली आहे, तेंहि पाहावें. वऱ्हाडांत वैशाखाचें ऊन सहन होण्यापलीकडचें असतें. हौजावरून येणारा वारा पाण्यानें थंड होतो व खालच्या मजल्याच्या कमानींतून शिरतो. दुपारची बैठक तेथें. दिवस कलल्यावर वरच्या मजल्यावर जावें, म्हणजे झाडांच्या शेंड्यांवरून येणारी झुळूक लागते व उत्तरेस गाविलगडच्या रांगा दिसतात. भोंवतीं पाणी असल्यानें येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर राहते आणि जनान्यास आडपडदा मिळतो, तोहि भिंत न घालतां. पाण्यानें एकाच वेळीं पंख्याचें, पडद्याचें आणि खंदकाचें काम करावें, अशी ही योजना आहे.

५. बागेचा आधार

इमारत टिकते, बाग टिकत नाहीं. पाट बंद झाला कीं दोन उन्हाळ्यांत फुलझाडें जातात व एका पिढींत फळझाडें जातात. तेव्हां आज स्थळीं बाग नाहीं यावरून ती नव्हती असें ठरत नाहीं. उलट, पाण्याचा एवढा सांठा करून भोंवतालची जमीन कोरडी ठेवणें हें त्या काळच्या रीतीस धरून नाहीं. अहमदनगरास ज्या दोन स्थळांचीं नांवें आजवर टिकलीं, तीं महालांचीं नसून बागांचीं आहेत : हश्त बिहिश्त बाग आणि फराह बाग.

एलिचपूर फुलांविषयीं प्रसिद्ध होतें, याचा एक पुरावा मात्र स्पष्ट आहे, आणि तो फारसा कोणी ध्यानांत घेतलेला नाहीं. अबुल फजल ऐने अकबरींत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना एलिचपुरास मोठें शहर व राजधानी म्हणतो आणि लागलीच तेथील एका फुलाची नोंद करतो. तें बनफशासारखें दिसतें, फार सुवासिक असतें, त्यास 'भूपाल चंपा' म्हणतात व तें जमिनीलगत उगवतें, अशी त्याची माहिती आहे. सुभ्याच्या जमाबंदीच्या ग्रंथांत फुलास जागा मिळावी, हें त्या फुलाच्या कीर्तीचें गमक होय. इमादशाही बुडून तेव्हां पंचवीस वर्षेंहि झालीं नव्हतीं.

हें फूल कोणतें? आमच्या मतें तो आपला भुईचाफा होय. भुईचाफ्याचें फूल पानें येण्यापूर्वींच कंदांतून थेट जमिनीवर उमलतें. रंग पांढरा व जांभळट. वास गोड व तीव्र. ऐनेंतील तीनहि लक्षणें, म्हणजे बनफशासारखें दिसणें, सुवास व जमिनीलगत उगवणें, त्यास तंतोतंत लागतात. राहिलें नांव. 'भूपाल' व 'भुई' यांत अंतर दिसतें खरें. परंतु फारसी लिपींत, विशेषतः घसरत्या लेखनांत, हिंदी शब्दांचे नुक्ते व दांडे नकलनविसाच्या हातून कसे बदलतात हें हस्तलिखितें हाताळणाऱ्यांस सांगावयास नको. मूळ 'भुई चंपा' असें असून परक्या नकलनविसानें त्यास परिचित वाटणारा शब्द बसविला, असा आमचा तर्क आहे. ज्या संग्राहकांपाशीं ऐने अकबरीची जुनी प्रत असेल, त्यांनीं वऱ्हाड सुभ्याच्या प्रकरणांतील हा एक शब्द ताडून पाहावा. एका नुक्त्यानें एका बागेंतील फूल निश्चित होईल.

सातपुड्याच्या ओलसर रानांत कंदाचीं अशीं फुलें पहिल्या पावसाच्या सुमारास वर येतात. रानांतील कंद आणून हौजाच्या कांठीं लावणें हें माळ्यास मुळींच कठीण नव्हतें. राजाची बाग म्हणजे काबुल-इराणची झाडें असें जें चित्र मोंगली पुस्तकांमुळें आपल्या मनांत बसलें आहे, त्याहून वऱ्हाडची बाग निराळी व अधिक घरची असावी.

६. गड आणि बाग

हौज कटोरा पाहून जो प्रवासी तेथूनच परततो, त्यानें अर्धें वाक्य वाचलें असें समजावें. उरलेलें अर्धें गाविलगडावर व नरनाळ्यावर आहे. इमादशहांचें जीवन या तीन स्थळांत विभागलें होतें : स्वस्थतेच्या दिवसांत अचळपूर, आणि संकटांत गड. अबुल फजल गाविलगड एलिचपुराहून सात कोसांवर आहे असें सांगतो व तेथील एका झऱ्याच्या पाण्यांत पोलादी शस्त्रांस पाणी देतात अशी नोंद करतो. सपाटीवरील पाण्यांत कमानींचें प्रतिबिंब आणि डोंगरावरील पाण्यांत तरवारीची धार, असे या राज्याच्या पाण्याचे दोन उपयोग होते.

गाविलगडावर देवतलाव, मच्छीतलाव यांसारखीं पाण्याचीं स्थानें व उंचवट्यावर मोठी मशीद आहे. चिखलदऱ्याच्या पठारावरून तेथें जातां येतें. १८२३ त इंग्रज अधिकारी रॉबिन्सन यानें चिखलदरा पाहिला व पुढें तेथें थंड हवेचें ठाणें झालें, तेव्हां उन्हाळ्यांत सातपुडा चढण्याचा जुनाच परिपाठ नव्या राज्यकर्त्यांनीं उचलला, एवढेंच. नरनाळा अकोट तालुक्यांत आहे. जाफराबाद, नरनाळा व तेलियागड असे तीन गड एकास एक लागून असून माथ्यावर अनेक तलाव व राणीमहालाचे अवशेष आहेत. गडावर महाल असला कीं पाहणारा तेथेंहि विलासाची कल्पना करतो. परंतु याच नरनाळ्यावर तुफालखानानें आपल्या धन्यास, बुऱ्हाण इमादशहास, अटकेंत ठेविलें व राज्य स्वतः चालविलें. १५७४ त मूर्तजा निजामशहानें गाविलगड व नरनाळा घेतले, तेव्हां कैद करणारा तुफालखान व कैदी बुऱ्हाण हे दोघेहि एकाच विजेत्याच्या बंदींत गेले, आणि दोघांचाहि शेवट तेथेंच झाला. ज्या वंशानें पाण्यांत मोकळ्या कमानी उभ्या केल्या, त्याच्या शेवटच्या पुरुषास कमानी दिसल्या त्या बंद दारांच्या.

विजेत्याची गति निराळी झाली असें नाहीं. याच मूर्तजानें पुढें राज्यकारभार टाकून एकांतवास पत्करला. त्याच्यासाठीं अहमदनगरास फराह बाग झाली. एकदां झालेलें काम पाडून तें पुन्हां करविण्यांत आलें व १५८३ त तें पुरें झालें. त्या बागेंत तो एका गवयाबरोबर बुद्धिबळें खेळत बसे असें सांगतात. १५८८ त तो आपल्या पुत्राच्या हातून मारला गेला. विश्रामस्थान व बंदिशाळा यांच्यामधील भिंत दक्षिणेंत त्या काळीं फार पातळ होती. 'विलासस्थान' हा शब्द वापरतांना इतिहासलेखकानें हें विसरूं नये.

७. प्रेमकथांविषयीं

जलमहाल म्हटला कीं त्यास एक राणी व एक प्रेमकथा चिकटते. हौज कटोऱ्यासहि तसें करण्याकडे वाटाड्यांची प्रवृत्ति असते. वास्तविक वऱ्हाडास प्रेमकथा उसनी आणावयास नको. माळव्याच्या सुप्रसिद्ध कथेशीं त्याचा खरा संबंध आहे. बाजबहादूर व रूपमती यांची ती कथा. १५६१ त आदमखानानें मांडवगडच्या बाजबहादुराचा मोड केला, व रूपमतीनें विष घेतलें असें परंपरा सांगते. पुढील साली पीर महंमद हा मोंगल सरदार पळत्या बाजबहादुराचा पाठलाग करीत खानदेशांत शिरला. तेव्हां बाजबहादूर, खानदेशचा मुबारकशहा व वऱ्हाडचा तुफालखान हे तिघे एक झाले; पीर महंमदाचा पराभव झाला व माघार घेतांना तो नर्मदेंत बुडून मेला. बाजबहादुरास पळतांना ज्या फौजेचा आधार मिळाला तींत वऱ्हाडचे स्वार होते. ही गोष्ट ग्रंथांत आहे, तिला साल आहे, आणि कल्पित राणीपेक्षां ती कितीतरी सरस आहे. ज्या तुफालखानानें दुसऱ्या राजाचें राज्य सांवरण्यास स्वार पाठविले, त्यानेंच आपल्या राजास कोंडलें, ही गोष्ट तर कोणा शाहिरासहि सुचली नसती.

८. उत्तरकाल व पुढील काम

इमादशाहीनंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. गाविलगडचा बहराम बुरूज हिजरी ९८५ चा, म्हणजे अहमदनगरच्या अमलांतील. १५९६ त चांदबिबीनें वऱ्हाड मोंगलांस दिला. निजामाच्या अमलांत एलिचपुरास पुन्हां महत्त्व आलें. भोंसल्यांशीं दोअमली झाली. पनी घराण्यांतील इस्माइलखान, सलाबतखान, नामदारखान हे नबाब येथें नांदले. त्यांचें बांधकाम शहरांत झालें, आणि शहराबाहेरचें हें जुनें स्थळ मागें पडलें. २९ नोव्हेंबर १८०३ च्या आडगांवच्या लढाईनंतर वेलस्लीनें जखमींसाठीं दवाखाना एलिचपुरास ठेवला व १५ डिसेंबरास गाविलगड घेतला. दोन दिवसांनीं देवगांवचा तह झाला. त्या धामधुमींत बागेचा विचार कोण करणार?

तथापि बागेचा इतिहास दरबारी ग्रंथांतच असतो असें नाहीं. तो दप्तरांत असतो. अचळपूर व अकोट या बाजूंच्या जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या घरीं मोडी रुमाल आहेत. त्यांत बागाईत जमिनीची प्रतवारी, माळ्याचें इनाम, पाटाच्या पाण्याची पाळी, मोटेच्या बैलांचा खर्च, हौजाच्या गाळाची बेगार, उतरलेल्या दगडाची वाहतूक, अशा नोंदी येतात. महत्त्वाचा कागद म्हणून त्या कोणी बाजूस काढीत नाहीं, कारण त्यांत राजाचें नांव नसतें. परंतु आपल्या प्रश्नास राजाच्या नांवापेक्षां माळ्याचें नांव अधिक उपयोगीं पडेल. माळ्याच्या इनामाची जमीन कोणत्या दिशेस होती एवढें कळलें तरी बागेची हद्द आंखतां येईल. पाटाची पाळी कळली तर हौजांत पाणी कोणत्या नदीवरून येत होतें तें ठरेल. आणि दगडाची वाहतूक कळली तर वरचे मजले केव्हां व कोणीं उतरविले या परंपरेची परीक्षा होईल.

दगडांनीं सांगावयाचें तें बरेंच सांगितलें आहे. त्यांच्या आधारें एवढें म्हणतां येतें कीं, हौज कटोरा ही इमादशाहींतील, बहुधा दर्याशहाच्या कारकीर्दींतील, विश्रांतीची इमारत आहे. तिची कल्पना अहमदनगरच्या अंगानें आली असून ती येथील हवेस व पाण्यास जुळवून घेतली आहे. आणि तिच्या बागेंतील एक फूल आपणांस नांवानिशीं माहीत आहे. यापुढील वाट कागदांतून जाते. ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील त्यांनीं ते वाळवीच्या व पावसाच्या आधीं उघडावेत, हौज, बाग, माळी, पाट हे शब्द जेथें येतील तीं पानें निराळीं काढावींत व त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्यात, अशी विनंति आहे.